भाचा म्हणतो फ्रँचायझी नको, नुसतं लायसन्स देऊ: परदेशात ब्रँड नेणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की धंदा परदेशात नेताना कायद्याच्या काय अडचणी येतात, त्यावर भरपूर पत्रं आली, बरीचशी खाण्याच्या धंद्यातली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार-पाच निवडलीत, पहिलं जरा सविस्तर घेते कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने कित्येकांनी विचारलाय.

प्रश्न (नाशिक): नमस्कार ताई, आमचं मिसळीचं हॉटेल आहे, तीन शाखा, तिन्ही घरच्याच. बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याला तिथे आमच्या नावाने हॉटेल काढायचंय. मसाला इथून जाणार, आमचा आचारी दोन महिने जाऊन शिकवणार, भाचा सुरुवातीला पाच लाख आणि नंतर विक्रीच्या पाच टक्के देणार. तो म्हणतो मामा, फ्रँचायझी हा शब्दच नको, साधं लायसन्स ॲग्रीमेंट करू म्हणजे तिथल्या कायद्याची कटकट नाही. नेटवरून फॉरमॅट काढलाय, वाद झाला तर नाशिक कोर्ट असं टाकलंय. एक लाख टोकनही पाठवलंय त्याने. सही करू का?

उत्तर: दादा, आत्ता सही करू नका आणि ते एक लाख आधी परत पाठवा. का ते सांगते.

अमेरिकेत फ्रँचायझी आहे की नाही हे कागदाच्या नावावरून ठरत नाही, व्यवहारात काय आहे त्यावरून ठरतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे एफटीसीचा फ्रँचायझी रूल आहे, १९७९ पासून लागू, २००७ मध्ये नव्याने लिहिला. त्यात तीन गोष्टी बघतात. समोरचा तुमचं नाव वापरतोय का, तुमचा त्याच्या धंद्यावर बऱ्यापैकी ताबा आहे किंवा तुम्ही त्याला बऱ्यापैकी मदत करताय का, आणि पहिल्या सहा महिन्यांत काही शे डॉलरच्या वर रक्कम तुम्हाला द्यावीच लागतेय का. तुमच्याकडे तिन्ही आहेत. नाव तुमचं, रेसिपी आणि आचारी तुमचा, पाच लाख आणि पाच टक्के तुम्हाला. वर तुम्ही लायसन्स लिहा, पार्टनरशिप लिहा नाहीतर मामा-भाचे करार लिहा, कायद्याच्या डोळ्यात ती फ्रँचायझीच. आणि तुम्ही भारतात बसलाय म्हणून सुटका नाही, हॉटेल अमेरिकेत उघडणार असेल तर रूल लागू होतो.

नुसता मसाला वाजवी होलसेल भावात विकला आणि बाकी एक पैसाही घेतला नाही तर ती रक्कम फ्रँचायझी फी धरत नाहीत, काही जण त्या वाटेने जातात. पण मग ट्रेनिंगचे पैसे नाहीत, रॉयल्टी नाही, सक्तीने घ्यायला लावलेली भांडी-मशीन नाहीत. तुम्हाला ते परवडणार आहे का बघा, मला तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

आता रूल लागला म्हणजे काय करायचं, तर एफडीडी, म्हणजे फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट बनवायचं. त्यात २३ आयटम असतात: तुम्ही कोण, तुमच्यावर कोर्टकेसेस आहेत का, दिवाळखोरी झाली का, सुरुवातीला किती पैसे लागणार, कुठला माल तुमच्याकडूनच घ्यावा लागणार, एरिया कुठला, ट्रेडमार्कची स्थिती काय, किती दुकानं उघडली किती बंद पडली, ऑडिट केलेले हिशोब, असं सगळं. हे डॉक्युमेंट भाच्याच्या हातात सही करायच्या किंवा एक डॉलरही द्यायच्या किमान १४ दिवस आधी पोचलं पाहिजे. म्हणून म्हणते टोकन परत करा, तिथेच नियम मोडलाय.

त्यातला १९ नंबरचा आयटम नीट वाचा, कारण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त अडचण तिथे येते. समोरचा किती कमावेल याबद्दल तुम्ही काहीही सांगणार असाल तर ते या आयटममध्ये लिहिलेलं आणि पुराव्यासकट असलं पाहिजे. आपल्याकडे काय होतं, फॅमिली ग्रुपवर सहज टाकतो की अरे नाशिकला एका शाखेत महिन्याला एवढे सुटतात, तिकडे डॉलरमध्ये बघ काय होईल. तो मेसेज उद्या धंदा बुडाला की तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. भाचा प्रेमाचा आहे हो, पण त्याच्याबरोबर बायको असेल, बँकेचं कर्ज असेल, एखादा तिसरा पार्टनर असेल, आणि वेळ वाईट आली की कागद त्यांच्या वकिलाच्या हातात जातात.

ऑडिटचे हिशोब तिथल्या पद्धतीचे लागतात आणि तुमच्या फर्मचे तसे नसणार, म्हणून बहुतेक बाहेरचे ब्रँड अमेरिकेत एक नवीन छोटी कंपनी काढतात आणि तीच फ्रँचायझर, म्हणजे फ्रँचायझी देणारी, होते, नवीन कंपनीला सुरुवातीला हिशोबात थोडी सवलत मिळते. शिवाय उद्या कोणी ग्राहकाने दावा ठोकला तर तो निदान थेट नाशिकच्या हॉटेलवर येत नाही, हा मोठा फायदा. मात्र भारतातून परदेशी कंपनीत पैसे घालायचे म्हणजे फेमाचे (परकीय चलनाच्या कायद्याचे) २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचे नियम आले, बँकेमार्फत फॉर्म भरायचा, नंबर घ्यायचा आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा रिपोर्ट द्यायचा. हे विसरणारे खूप, आणि मग लेट फी भरत बसतात. तुमच्या सीएंना आजच सांगून ठेवा.

हे झालं फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाचं. त्यावर कित्येक राज्यांचं वेगळं. कॅलिफोर्नियाने १९७० मध्येच पहिला असा कायदा केला, तिथे, न्यूयॉर्कमध्ये, इलिनॉयमध्ये, मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन राज्यात आणि अजून काही ठिकाणी एफडीडी आधी सरकारदरबारी रजिस्टर करावं लागतं, मगच फ्रँचायझी विकायची. न्यू जर्सीत तसं रजिस्ट्रेशन नाही, त्या बाबतीत तुम्ही सुटलात. पण न्यू जर्सीचा १९७१ चा वेगळा कायदा आहे आणि तो करार संपवण्याबद्दल आहे. भाच्याचं हॉटेल न्यू जर्सीत असेल, बारा महिन्यांत तुमच्या त्याच्यातल्या व्यवहाराची विक्री ३५,००० डॉलरच्या वर गेली आणि त्याच्या धंद्याचा २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग तुमच्या ब्रँडवर असेल, तर सबळ कारण असल्याशिवाय तुम्हाला करार तोडता येत नाही, साधारणपणे ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि मुदत संपली म्हणून रिन्यू करत नाही असंही सहज म्हणता येत नाही. हॉटेल धड चाललं तर ३५,००० डॉलर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे हा कायदा तुम्हाला लागणार असं धरूनच चाला. याचा अर्थ आज भाच्याला दिलेलं नाव पाच वर्षांनी परत घेणं अवघड. द्यायच्या आधी विचार करायचा तो हाच.

अजून एक, एडिसनवरून न्यूयॉर्क जवळच, त्यामुळे भाचा उद्या म्हणेल की मॅनहॅटनला एक मित्र आहे त्यालाही देऊ. न्यूयॉर्कचा कायदा जास्त कडक आहे, तिथे नाव आणि फी एवढ्या दोन गोष्टींवरसुद्धा फ्रँचायझी ठरू शकते, ताबा-मदत नसली तरी, आणि नुसती बोलणी न्यूयॉर्कमध्ये बसून केली तरी तो लागू होऊ शकतो. तेव्हा करारात स्पष्ट लिहा की भाच्याला फक्त एक दुकान, ठराविक एरिया, आणि पुढे कोणाला द्यायचा अधिकार नाही.

नाशिक कोर्टाचं काय. समजा इथे निकाल तुमच्या बाजूने लागला, तो घेऊन न्यू जर्सीत वसुली करायची तर तिथल्या कोर्टात पुन्हा उभं राहावं लागतं, भारत आणि अमेरिका यांच्यात कोर्टाचे निकाल एकमेकांकडे सरळ बजावायची व्यवस्था नाही. त्यापेक्षा आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी लवाद, घाला, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमध्ये दोन्ही देश सामील आहेत आणि लवादाचा निकाल दोन्हीकडे बजावता येतो. जागा सिंगापूर ठेवतात बरेच जण, लहान व्यवहाराला ते महाग पडतं, तेव्हा एकच आर्बिट्रेटर, सुनावणी ऑनलाइन असं लिहून खर्च आटोक्यात ठेवा. राज्याचा फ्रँचायझी कायदा मात्र करारात काही लिहून टाळता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आचाऱ्याला टुरिस्ट व्हिसावर पाठवून तिथे किचनमध्ये उभं करू नका, ते चालत नाही, त्याचं आणि तुमचं दोघांचं नुकसान होईल, भाच्याला आणि त्याच्या कुकला नाशिकला बोलवून शिकवा. मसाल्यात तीळ असतील तर पाकिटावर लिहावंच लागेल, २०२३ पासून तिथे तीळ हा नववा मोठा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारा पदार्थ, आहे, शेंगदाणा तर आधीपासून आहेच. यूएसएफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याकडे, तुमच्या मसाल्याच्या युनिटचं रजिस्ट्रेशन लागेल आणि भाच्याच्या विम्यात तुमचं नाव जोडून घ्या, ॲलर्जीचे दावे तिथे फार मोठ्या रकमेचे असतात. कराराचा ड्राफ्ट मात्र न्यू जर्सीच्या फ्रँचायझी वकिलाकडूनच करून घ्या, खर्च येईल पण तो धंद्याचा खर्च धरा.

प्रश्न (ठाणे): मॅडम, आमचा वडापावचा ब्रँड आहे, नाव आणि लोगो दोन्ही भारतात रजिस्टर आहेत. लंडन आणि टोरांटोहून विचारणा येतेय. ट्रेडमार्क आहेच म्हटल्यावर अजून काय करायला हवं?

उत्तर: तुमचा ट्रेडमार्क भारतापुरता आहे, विमानतळाबाहेर त्याची किंमत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते तरी दर वेळी समोरच्याला धक्का बसतो. विचारणा आली की पहिला खर्च नावावर करायचा, वकिलाच्या कराराच्याही आधी, कारण विचारणा करणाराच कधीकधी तिकडे स्वतःच्या नावावर अर्ज टाकून ठेवतो.

सोय चांगली आहे. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे, तुमच्या इथल्या रजिस्ट्रेशनवरून एकाच अर्जात ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, यूएई असे देश निवडता येतात. फक्त पहिली पाच वर्षं तो अर्ज इथल्या रजिस्ट्रेशनवर अवलंबून असतो, इथे कोणी ते रद्द करवलं तर बाहेरचंही कोसळतं, म्हणून इथे काही ऑब्जेक्शन पेंडिंग असेल तर ते आधी निपटवा. हॉटेलसाठी ४३ नंबरचा क्लास आणि चटणी-मसाला पाकिटात विकणार असाल तर ३० नंबरचाही घ्या.

दोन केसेस सांगते म्हणजे कळेल मी एवढा जोर का देतेय. दिल्लीचं आयटीसीचं बुखारा हॉटेल सगळ्यांना माहितीये. त्यांनी १९८६ मध्ये न्यूयॉर्कला बुखारा काढलं, १९८७ ला शिकागोसाठी फ्रँचायझी करार केला, ट्रेडमार्कही तिथे रजिस्टर केला. न्यूयॉर्कचं १९९१ ला बंद झालं, शिकागोचं १९९७ ला. मग १९९९ मध्ये तिथल्याच काही जुन्या कर्मचाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये बुखारा ग्रिल नावाने हॉटेल काढलं, पदार्थ, सजावट बरीचशी तशीच. आयटीसीने २००३ मध्ये केस केली आणि हरली. २००७ चा निकाल आहे, कोर्ट म्हणालं तीन वर्षांहून जास्त तुम्ही नाव वापरलं नाही, परत वापरायचा ठोस इरादाही दाखवला नाही, म्हणजे ते सोडून दिलं असंच धरू, आणि दिल्लीत किंवा जगभर प्रसिद्ध आहे हे फेडरल कायद्यात पुरेसं नाही. एवढी मोठी कंपनी, एवढं मोठं नाव, तरी. म्हणजे नोंदणी करून भागत नाही, वापर चालू ठेवावा लागतो, फ्रँचायझी बंद पडली तर तुम्हाला तीन वर्षांच्या आत काहीतरी हालचाल करायला हवी.

दुसरी आपल्या पुण्याची. पुण्यात बर्गर किंग नावाचं हॉटेल १९९० च्या दशकापासून आहे, अमेरिकन बर्गर किंगने भारतात पहिलं दुकान २०१४ मध्ये उघडलं, पण नावाची नोंदणी त्यांची इथे १९७९ ची. केस २०११ पासून चालू. २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने अपील चालू असेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरू नका सांगितलं, मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दशकभराहून जास्त एका नावासाठी. आणि त्याच कंपनीला ऑस्ट्रेलियात गेल्यावर ते नाव आधीच कोणाकडे असल्यामुळे आजपर्यंत हंग्री जॅक्स नावाने धंदा करावा लागतोय. तेव्हा लंडन-टोरांटोला तुमच्यासारखं नाव कोणाचं आहे का ते सर्च आधी करून घ्या, आहे असं कळलं तर आत्ताच दुसरं नाव शोधता येईल.

लंडनला वेगळा फ्रँचायझी कायदा नाही, साधा कॉन्ट्रॅक्टचा कायदा लागतो. टोरांटोला आहे, ओंटारियोचा २००० चा, आणि तो फ्रँचायझी घेणाऱ्याच्या बाजूने कडक आहे: डिस्क्लोजर सहीच्या १४ दिवस आधी द्यायचं, दिलंच नाही तर समोरचा दोन वर्षांपर्यंत करार रद्द करून पैसे परत मागू शकतो. आधी लंडन करा असं माझं मत.

प्रश्न (कोल्हापूर): आमची आयुर्वेद पंचकर्म सेंटर्स आहेत. दुबईतली एक पार्टी म्हणतेय की सगळ्या गल्फचे हक्क आम्हाला द्या, आम्ही पुढे सब-फ्रँचायझी देऊ, आणि करार तिथल्या मिनिस्ट्रीत रजिस्टर करू म्हणजे तुम्हालाही सुरक्षित. हे बरोबर आहे का?

उत्तर: रजिस्टर केल्याने सुरक्षित ती पार्टी होते, तुम्ही नाही. यूएईत फ्रँचायझीचा असा स्वतंत्र कायदा नाही पण कमर्शियल एजन्सीचा आहे, आधी १९८१ चा होता, आता २०२२ चा. त्याखाली एजंट म्हणून नोंद झाली की त्या एरियात तुमच्या ब्रँडचा हक्क त्या माणसाकडे पक्का होतो, तो काम करो न करो, दुसऱ्याला आणायला गेलात तर आडवा येऊ शकतो. जुन्या कायद्यात त्याला काढणं जवळजवळ अशक्य होतं, नवीन कायद्यात मुदत संपताना आधी नोटीस देऊन बाहेर पडता येतं, तरी सोपं नाहीच. तेव्हा करारात स्पष्ट घाला की ही कमर्शियल एजन्सी नाही आणि रजिस्टर करायची परवानगी नाही.

सगळं गल्फ एका सहीत देऊ नका. फक्त दुबई द्या, दोन वर्षांत अमुक इतकी सेंटर्स उघडली तर पुढचा एरिया, नाही उघडली तर एक्सक्लुझिव्ह हक्क आपोआप संपणार, असं टप्प्याटप्प्याने. सौदीचा तर फ्रँचायझी कायदा वेगळाच आहे, २०२० पासून लागू, करार आणि डिस्क्लोजर अरबीत, सरकारकडे नोंद, त्यामुळे तो एक वेगळाच व्यवहार धरा. पंचकर्म म्हणजे आरोग्यसेवा, दुबईत हेल्थ ऑथॉरिटीचं लायसन्स आणि तुमच्या वैद्यांना तिथली परवानगी लागेल, ती मिळाली नाही तर फी परत की नाही हे आत्ताच लिहा, मी तर म्हणेन लायसन्स मिळाल्यावरच करार सुरू होईल असं ठेवा. कोर्टाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, जानेवारी २०२० पासून यूएईच्या कोर्टांचे निकाल भारतात बजावता येतात, म्हणजे तुम्ही तिकडे हरलात तर कोल्हापूरच्या मालमत्तेपर्यंत ते येऊ शकतात. पर्सनल गॅरंटी मागतील, देऊ नका.

प्रश्न (मेलबर्न): मी इथे नोकरी करतो, बायकोला आणि मला भारतातल्या एका चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचीय. त्यांचा माणूस म्हणतो या आठवड्यात पैसे भरले तर एरिया तुमचा.

उत्तर: भाऊ, या आठवड्यात पैसे भरा म्हणणारा माणूस तुमच्या देशाचा कायदा मोडतोय. ऑस्ट्रेलियात फ्रँचायझिंग कोड १९९८ पासून सक्तीचा आहे, नवीन कोड १ एप्रिल २०२५ पासून आलाय. डिस्क्लोजर आणि कराराची अंतिम प्रत १४ दिवस आधी तुमच्या हातात हवी आणि सही केल्यावरही नवीन फ्रँचायझीला १४ दिवसांचा कूलिंग ऑफ मिळतो, तेवढ्यात मन बदललं तर बाहेर पडता येतं. ब्रँड भारतातला असला तरी तुमचं दुकान मेलबर्नला, त्यामुळे कोड लागणार. त्यांचं नाव सरकारच्या फ्रँचायझी डिस्क्लोजर रजिस्टरवर ऑनलाइन शोधा, तिथे नसेल तर का नाही ते लेखी विचारा. ब्रँडचा ट्रेडमार्क ऑस्ट्रेलियात कोणाच्या नावावर आहे तेही बघा, नसेल तर तुम्ही नेमकं कशाचे पैसे देताय? आणि डिस्क्लोजरमध्ये जुन्या फ्रँचायझींची माहिती असते, सोडून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करा, चालू असलेले गोड बोलतात, सोडून गेलेले खरं सांगतात. जागेचं भाडं किती वर्षांसाठी आणि फ्रँचायझी किती वर्षांसाठी हे दोन्ही एकसारखं आहे का ते वकिलाकडून तपासा, या फरकामुळे बरेच संसार अडकलेले मी पाहिलेत.

प्रश्न (पुणे): अमेरिकेतून रॉयल्टी येणार आहे. टॅक्स दोन्हीकडे भरायचा का? जीएसटी?

उत्तर: ट्रेडमार्कच्या रॉयल्टीवर भारत-अमेरिका टॅक्स करारानुसार तिकडे १५ टक्के कापतात, पण तुम्ही पैसे देणाऱ्याला अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा डब्ल्यू-८ फॉर्म दिला असेल तरच, नाहीतर ३० टक्के कापले जातात. कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई, स्वतःच्या नावावर असेल तर डब्ल्यू-८बेन, आणि टॅक्स नंबर लागेल, तिथला नाहीतर आपला पॅन. तिकडे कापलेल्याचं क्रेडिट इथे मिळतं, पण त्यासाठीचा वेगळा फॉर्म मुदतीत भरायचा आणि कापल्याचा पुरावा जपून ठेवायचा. पैसे परकीय चलनात बँकेतून आले आणि समोरचा भारताबाहेर असेल तर जीएसटीत हा सेवांचा एक्स्पोर्ट, दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून ठेवला की टॅक्स न भरता बिल करता येतं. तिकडची कंपनी तुमचीच असेल तर रॉयल्टीचा दर मनाने ठरवू नका, ट्रान्सफर प्रायसिंग लागतं, बाहेरच्या माणसाकडून किती घेतला असता ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. आणि करारात ग्रॉस-अपचं कलम आहे का बघा, म्हणजे तिकडचा टॅक्स कोणी सोसायचा. ते नसेल तर पाच टक्के रॉयल्टीतले सव्वाचार टक्केच तुमच्या खात्यात येतील.